कुलूप न लावलेला खेळ



आपल्या या पानावर वाड्यांबद्दल, गणेशोत्सवाबद्दल, नाटकांच्या दौऱ्यांबद्दल आणि कुणाकुणाच्या आजीच्या स्वयंपाकाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मी आज एका कॉम्प्युटर गेमबद्दल लिहितोय, तोही बंदुकीच्या. काही काका-काकू इथूनच पुढच्या पोस्टकडे सरकतील. त्यांना विनंती की जरा थांबा, विषय फिरून आपल्याच घराशी येतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वाद घालायचाय त्यांना शेवटपर्यंत वाट बघायला नको. एखादी गोष्ट कडीकुलपात ठेवल्याने टिकत नाही. ती लोकांच्या हाती दिली, तिच्या प्रती काढू दिल्या, तिच्यात भर घालू दिली, की टिकते. 'डूम' हा खेळ याचा मला माहीत असलेला सगळ्यात पक्का पुरावा आहे. आणि आपल्या समाजाच्या आठवणी आपण आज नेमक्या उलट्या पद्धतीने ठेवून राहिलोय.

मी इंदूरचा, रामबागेत वाढलेला. वय पंचेचाळीस. गेल्या पावसाळ्यात पायाचं हाड मोडलं आणि दीड महिना घरी बसावं लागलं. तेव्हा ठरवून डूमची मालिका पहिल्यापासून पुन्हा खेळून काढली. १९९३ चा पहिला, १९९४ चा दुसरा, २००४ चा तिसरा, मग २०१६ चा आणि २०२० चा 'इटर्नल'. २०२५ साली 'द डार्क एजेस' आला, पण त्याला रे-ट्रेसिंगवालं नवं ग्राफिक्स कार्ड लागतंच. पहिल्या डूमला मात्र काहीच लागत नाही. लोकांनी तो कॅल्क्युलेटरवर चालवलाय, प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर चालवलाय, ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरसुद्धा चालवलाय. तीस वर्षं उलटून गेलेल्या खेळाला हे कसं जमलं, हाच माझा विषय आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही एक बिननावाचे सैनिक. मंगळाच्या फोबोस या चंद्रावरच्या तळावर काहीतरी प्रयोग चालू होता, त्यातून नरकाचं दार उघडलं आणि राक्षस बाहेर आले. पडद्यावर तुमचा चेहरा खाली एका चौकटीत, आणि समोर फक्त तुमचे हात आणि बंदूक. जग आपल्याच डोळ्यांनी दिसतं, म्हणून या प्रकाराला फर्स्ट पर्सन शूटर म्हणतात. हा काही पहिला नव्हे. याच कंपनीचा, म्हणजे टेक्सासच्या आयडी सॉफ्टवेअरचा, 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' १९९२ मध्ये आला होता. पण डूमने हा प्रकार घराघरात नेला.

१० डिसेंबर १९९३ ला आयडीच्या मंडळींनी डूम विस्कॉन्सिनमधल्या एका विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला. अख्खा नाही, तीनपैकी पहिला भाग. नऊ नकाशे, फुकट. याला शेअरवेअर म्हणत. घ्या, खेळा, कॉपी काढा, मित्राला द्या. आवडलं तर पैसे पाठवून बाकीचे दोन भाग मागवा. तो पहिला भाग दोन फ्लॉप्यांमध्ये मावायचा. इंदूरला तो आला तोही असाच, हातोहात. ९५ साली आमच्या दादाच्या, म्हणजे मोठ्या चुलतभावाच्या, कॉम्प्युटर क्लासमध्ये एक ४८६ होतं, त्यावर. पुण्याहून कुणीतरी आणला होता, त्याला मुंबईहून कुणीतरी दिला होता. इंटरनेट तेव्हा आमच्याकडे ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं. टेक्सासपासून रामबागेपर्यंतचा हा प्रवास कुठल्याही कंपनीने केला नाही. तो लोकांनी केला, आणि कंपनीच्या परवानगीने केला. 'वाटा' हा शब्द त्या फ्लॉपीतच लिहिलेला होता.

आता पुन्हा खेळल्यावर काय वाटलं ते सांगतो.

पहिल्या डूमची चित्रं आज ओबडधोबड दिसतात. वर-खाली बघता येत नाही, उडी मारता येत नाही, वाकता येत नाही. तरी पहिल्या भागाचे नकाशे अजून खिळवून ठेवतात. त्यातले बहुतेक जॉन रोमेरोचे. अगदी पहिला नकाशा, 'हँगर', घ्या. सुरुवातीच्याच खोलीच्या खिडकीतून बाहेरचं अंगण दिसतं, त्यात एक निळं चिलखत ठेवलेलं दिसतं. पण तिकडे जायला दार नाही. वाट कुठून आहे ते तुम्ही शोधायचं. सापडत नाही तेव्हा तेच अंगण दुसऱ्या बाजूने पुन्हा दिसतं. जागा आधी दाखवायची आणि पोचू नंतर द्यायचं, उजेडातून अंधारात न्यायचं, जमीन कुठे चार पायऱ्या वर तर कुठे खाली, आणि फिरून त्याच चौकात आणून सोडायचं. गंमत बघा, हा नकाशा आपल्या भागाच्या नकाशांत रोमेरोने सगळ्यात शेवटी केला. हात बसल्यावर केलेलं काम त्याने दाराशी ठेवलं.

हे वाचताना जुन्या वाड्यात राहिलेल्यांना काही ओळखीचं वाटलं असेल. माजघराच्या खिडकीतून चौक दिसायचा, पण जायचं तर ओसरीवरून वळसा. कोठीत दिवसासुद्धा अंधार. पडवीतून परसात उतरायला दोन पायऱ्या. मी डूममध्ये रमलो त्याचं एक कारण हे असावं. मला तो तळ परका वाटलाच नाही.

तिसरा डूम २००४ चा. दिसायला पहिल्यापेक्षा शंभरपट देखणा, सावल्या तर अप्रतिम. पण तो एकाच बोळातून पुढे पुढे नेतो. हातात बंदूक असेल तर टॉर्च नाही, टॉर्च असेल तर बंदूक नाही. भीती वाटावी म्हणून मुद्दाम केलेलं. लोकांनी लगेच एक छोटी दुरुस्ती बनवली आणि टॉर्च बंदुकीला चिकटपट्टीने बांधून टाकला. पुढे २०१२ च्या आवृत्तीत कंपनीने स्वतःच चिलखतावर दिवा दिला.

२०१६ चा डूम मला मनापासून आवडला. वेग परत आला, मिक गॉर्डनचं संगीत अंगावर येतं. पण त्यात एक गोष्ट खटकली. नकाशे बनवायला त्यांनी 'स्नॅपमॅप' नावाचं साधन दिलं होतं. त्यात तयार खोल्या मिळतात आणि त्या तुम्ही एकमेकींना जोडायच्या. खोली मात्र त्यांचीच. तुमची स्वतःची भिंत तुम्हाला उभी करता येत नाही. इटर्नलसाठी खरी साधनं दिली ती २०२४ मध्ये, खेळ आल्यानंतर चार वर्षांनी.

फरक इथेच आहे. चित्रं, संगीत, पैसा, माणसं, सगळं नव्या खेळांकडे जास्त आहे. पहिल्या डूमकडे एकच गोष्ट जास्त होती. तो तुम्हाला आत येऊन भिंत हलवू देत होता.

ही गोष्ट आपोआप झालेली नाही. वुल्फेन्स्टाइनमध्ये लोकांनी खटपट करून स्वतःचे नकाशे घुसवले होते. ते पाहून डूमचा मुख्य प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक याने रागवायचं सोडून काम सोपं करून दिलं. खेळ चालवणारा प्रोग्रॅम वेगळा ठेवला, आणि नकाशे, चित्रं, आवाज हा सगळा माल 'वॅड' नावाच्या वेगळ्या फाईलीत ठेवला. फाईल बदला, खेळ बदलला. १९९४ उजाडल्यावर काही आठवड्यांतच हौशी लोकांनी नकाशे काढायची साधनं तयार केली. त्यांचे नकाशे इतके चांगले निघाले की १९९६ मध्ये आयडीने अशाच हौशी मंडळींचे दोन संच विकत घेऊन 'फायनल डूम' म्हणून बाजारात आणले.

आणि मग २३ डिसेंबर १९९७. कार्मॅकने डूमचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे सोर्स कोड, जगासमोर ठेवला. आधी धंद्यासाठी वापरू नये अशी अट होती, १९९९ मध्ये तीही काढून तो जीपीएल या मोकळ्या परवान्याखाली दिला. म्हणजे आज विंडोज बदलो, फोन बदलो, चिप बदलो, कुणीतरी तो कोड घेऊन नव्या यंत्रावर बसवतो. कुणाची परवानगी मागायला नको. ट्रॅक्टरवर डूम चालतो त्यामागचं रहस्य एवढंच.

आता घराकडे वळतो.

डूमचे नकाशे बनवणाऱ्यांत पहिल्या वर्षापासून एक रिवाज आहे. नवशिक्या माणूस सगळ्यात आधी काय बनवतो? स्वतःचं घर. स्वतःची शाळा, ऑफिस. त्यात राक्षस सोडतो आणि मित्रांना खेळायला देतो. यातले बहुतेक नकाशे वाईटच असतात, कारण खरं घर लढाईसाठी बांधलेलं नसतं. जुने खेळाडू त्यांना हसायचे. मग २०२३ मध्ये 'मायहाऊस' नावाचा एक नकाशा आला. बनवणाऱ्याने सोबत लिहिलं होतं की गेलेल्या बालमित्राचा अर्धवट नकाशा आपण पुरा करतोय. वरवर पाहता साधं अमेरिकन घर. पण खेळता खेळता ते घर बदलत जातं. दार मागे वळून पाहिलं की दुसरीकडे उघडतं, खोल्या वाढतात, ओळखीचं अनोळखी होतं. ती सोबतची गोष्ट खेळाचाच भाग आहे. तीस वर्षं जुन्या खेळात कुणीतरी शोक, घर आणि स्मरण यांच्यावर असं काही केलं आणि जगभरच्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

तो खेळून झाल्यावर मी आमचा वाडा बनवायला घेतला.

आमचा वाडा २००८ साली पडला. पडला म्हणजे वाटण्या झाल्या, विकला, पाडला. आज तिथे खाली दुकानं आणि वर क्लासेस आहेत. तक्रार नाही, सगळ्यांच्या घरी हेच झालंय. पण पाय प्लास्टरमध्ये ठेवून लॅपटॉपवर पहिली रेघ ओढायला गेलो तेव्हा लक्षात आलं की घराचा नकाशा कुणाकडेच नाही. फोटो आहेत, पण फोटो माणसांचे. लग्नातले, मुंजीतले. मागे भिंतीचा तुकडा दिसतो, पण दोन भिंतींमध्ये किती अंतर होतं ते कुठल्याच फोटोत नाही.

म्हणून घरातल्या सगळ्यांना कामाला लावलं. दादा अजून इंदुरातच, एक चुलतबहीण पुण्याला, एक भाऊ न्यू जर्सीत, आणि वयाने सगळ्यांत मोठी आमची आत्या, ब्याऐंशी वर्षांची. कुटुंबाच्या ग्रुपवर मी एक चित्र टाकलं आणि दोन आठवडे धुमाकूळ. जिन्याला पायऱ्या अकरा की तेरा? तुळस चौकाच्या मध्यात की देवघराच्या समोर सरकलेली? विहिरीवर जाळी कधी आली? न्यू जर्सीवाल्याने लिहिलं, "भिया, कोठीचं दार आत उघडायचं, माझं बोट चेमटलंय त्यात." यावर कुणाला वाद घालता आला नाही. गुड मॉर्निंगशिवाय ज्या ग्रुपवर वर्षभर काही येत नव्हतं, तिथे रात्री एकपर्यंत मोजमापं चालू होती.

मी दहा एककं म्हणजे एक फूट असं माप धरलं, आणि ठरवलं की नकाशा मूळ डूममध्येच चालला पाहिजे. नवी साधनं वापरली तर काम सोपं होतं. पण माझा उद्देशच तो होता. मूळ डूममध्ये चालणारी गोष्ट आज कुठल्याही यंत्रावर चालते, आणि अजून तीस वर्षांनीही कुणीतरी चालवील.

मूळ डूमने मात्र वाड्याची परीक्षा पाहिली. त्यात एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली ठेवता येत नाही. प्रत्येक जागेला एकच जमीन आणि एकच छत. ४८६ वर वेगाने चालावं म्हणून केलेली सोय होती ती. आमची माडी तर माजघराच्या बरोबर वर. शेवटी माडी वेगळी काढून नकाशाच्या कोपऱ्यात ठेवली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेलिपोर्टर बसवला. पायरी चढली की हिरवा झोत येतो, आवाज होतो आणि तुम्ही माडीवर. चौकाभोवती सगळे खांब आणि कमानी काढल्या तर खेळ बंदच पडायचा, कारण एका वेळी किती जमिनी-छतं नजरेला दिसू शकतात यावर त्यात मर्यादा आहे. चार कमानी कमी केल्या.

आणि देवघराचं दार. ते ठेंगणं होतं. आमच्या आजोबांच्या सांगण्याप्रमाणे मुद्दाम ठेंगणं, म्हणजे आत जाणारा वाकूनच गेला पाहिजे. मापाप्रमाणे ते पन्नास एककं आलं. डूममधला माणूस छप्पन्न एककं उंच, आणि त्याला वाकता येत नाही. तो दारातच अडायचा. नाइलाजाने दार सहा एककांनी वाढवलं. त्या घरात देवासमोर ताठ मानेने जाणारा हा पहिलाच.

राक्षस एकही ठेवला नाही. पुतण्याने कोठीत एक ठेवायचा हट्ट धरला. "तिथे तसाही अंधार होता ना," हे त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं, म्हणून एक आहे.

आत्याला दाखवायला लॅपटॉप तिच्याकडे नेला. बाणांची बटणं मी दाबत होतो, ती नुसतं सांगत होती, "डावीकडे घे. आता सरळ. थांब." बंदूक लपवायला विसरलो नव्हतो, ती आधीच काढून टाकली होती. माडीच्या हिरव्या झोताला ती दचकली आणि म्हणाली, "हे काय रे, अंगात आल्यासारखं?" मग माडीवरच्या पश्चिमेच्या भिंतीपाशी तिने मला थांबवलं. म्हणाली, "इथे खिडकी होती." आम्हा कुणालाच ती खिडकी माहीत नव्हती. आमच्या जन्माआधी ती बुजवली होती. तिच्या लहानपणी तिथून शेजारच्या घराचं अंगण दिसायचं, आणि त्या घरातली तिची मैत्रीण खालून हाक मारायची. मैत्रिणीचं नाव तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, पण आमच्या ग्रुपवर लिहून ठेवलंय. घरी येऊन मी खिडकी काढली. ती खिडकी आज या जगात फक्त त्या एका फाईलीत आहे, आणि ती फाईल एका फ्लॉपीत मावते.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते येणारच.

पहिला, हा हिंसक खेळ आहे. आहेच. डूम येण्याच्या आदल्या दिवशी, ९ डिसेंबर १९९३ ला, अमेरिकेच्या सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली होती, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी खेळांवर वयाचे शिक्के मारणारी व्यवस्था उभी राहिली. १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार करणारी दोन मुलं डूम खेळायची, त्यावरूनही मोठं वादळ उठलं. मी माझ्या पुतण्याला दहाव्या वर्षी हा खेळ देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका. वयाचा शिक्का असतो तो वाचायला. पण मोठ्या माणसाने तो खेळण्यात मला गैर दिसत नाही, आणि त्याच्या जपणुकीतून काही शिकायला तर अजिबातच हरकत नसावी.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सगळंच मोकळं सोडलं तर बनवणाऱ्याने खायचं काय? इथे कार्मॅकने काय केलं ते नीट पाहा. त्याने प्रोग्रॅम दिला. रोमेरोचे नकाशे, राक्षसांची चित्रं, संगीत हा माल दिला नाही. तो आजही कंपनीच्याच मालकीचा आहे आणि आजही विकला जातो. २०२४ मध्ये दोन्ही जुन्या भागांची नवी आवृत्ती आली, त्यात लोकांचे नकाशे उतरवून घ्यायची सोयसुद्धा आहे. म्हणजे हातगाडी सगळ्यांची, गाडीवरचा माल ज्याचा त्याचा. तीस वर्षांनी हा माल विकला जातो, कारण गाडी कुणी मोडू दिली नाही.

याच्या उलट काय होतं तेही पाहा. 'द क्रू' नावाचा मोटारींचा खेळ २०१४ मध्ये आला. तो चालायला कंपनीचा सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि पैसे देऊन घेतलेला खेळ एकट्यानेसुद्धा खेळता येईना. त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. तिची मागणी साधी आहे. खेळ बंद करताना तो कसाबसा तरी चालता राहील असं करून द्या.

आता आपल्याकडे पाहा.

आपण या पानावर लिहितो. ग्वाल्हेरचे काका शिंदेशाहीतल्या आठवणी लिहितात, बडोद्याच्या ताई मांडवीजवळच्या वाड्यांबद्दल लिहितात, बेळगावचे दादा शाळेबद्दल, हैदराबादच्या मावशी मराठी मंडळाबद्दल. खाली प्रतिक्रियांत कुणी चूक दुरुस्त करतं, कुणी नाव सांगतं, कुणी खिडकी सांगतं. हे सगळं फार मोलाचं आहे. आणि ते सगळंच्या सगळं एका कंपनीच्या सर्व्हरवर पडलंय. उद्या त्यांनी नियम बदलला, पान बंद पडलं, चालवणाऱ्याचं खातं गेलं, तर आपला 'द क्रू' होईल. आपल्याला तर साधं जुनं पोस्ट शोधायचं म्हटलं तरी अर्धा तास लागतो.

दुसरं कुलूप आपण स्वतः लावतो. पोस्टच्या शेवटी 'कॉपी करू नये' लिहितो. का लिहितो ते मला समजतं, कुणीतरी नाव काढून फिरवतं तेव्हा राग येतो. पण आजोबांची आठवण ही रोमेरोचा नकाशा नव्हे, ती विकून आपल्याला काही मिळणार नाही. ती टिकावी एवढीच इच्छा आहे ना? मग 'नाव ठेवून खुशाल वाटा' असं लिहा. आमची खिडकी आम्हाला मिळाली, कारण नकाशा अर्धवट आणि उघडा होता. सगळं पक्कं करून, चौकट बसवून दाखवलं असतं तर आत्या "छान केलंस हो" म्हणून चहा टाकायला उठली असती.

तेव्हा माझ्या तीन सूचना. या पानावर जे लिहाल ते साध्या मजकुराच्या फाईलीत स्वतःकडेही ठेवा आणि घरातल्या दोघांना पाठवा. वर्षाकाठी एकदा निवडक पोस्टांची छापील प्रत काढून आपापल्या गावच्या मराठी ग्रंथालयात द्या. इंदुरात महाराष्ट्र साहित्य सभा आहे, बेळगावात सार्वजनिक वाचनालय आहे, तुमच्याकडेही काही असेलच. आणि तिसरी, घराचा नकाशा काढा. डूम नको, वहीच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने काढा. दारं कुठे, खिडक्या कुठे, जिन्याला पायऱ्या किती. मग तो घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसापुढे ठेवा आणि तुमचं काय चुकलंय ते त्यांना सांगू द्या. हे काम या दिवाळीच्या आत करा. माणसं थांबत नाहीत.

आमच्या वाड्याची फाईल ज्यांना हवी त्यांनी खाली लिहा, पाठवतो. नाव ठेवून खुशाल वाटा. आणि रामबागेतल्या कुणाला आमच्या जिन्याला तेरा पायऱ्या होत्या असं आठवत असेल, तर दादाची समजूत तुम्हीच काढा. मी अकराच ठेवल्यात.